भुसा सायक्लोनमधून निसटतो कुठून?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

पांढरा कोळसा, म्हणजे ब्रिकेट बनवणाऱ्या कारखान्यांतून या वेळी बरीच पत्रे आली. जवळपास सगळीच फ्लॅश ड्रायरमागच्या सायक्लोनबद्दल आहेत. फ्लॅश ड्रायर म्हणजे गरम हवेच्या झोतात भुसा उडवत वाळवणारे यंत्र; सायक्लोन म्हणजे हवेला गिरकी देऊन भुसा भिंतीकडे फेकणारे, वर सरळ आणि खाली निमुळते (हा भाग म्हणजे कोन) नळकांडे. प्रश्न एकच: गरम हवेबरोबर उडत आलेला वाळलेला भुसा त्या हवेतून बाजूला काढायचा कसा? त्यांतले सहा प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : लाकडाच्या भुशाचा फ्लॅश ड्रायर आहे. तासाला एक टन ओला भुसा, ओलावा ३५ टक्के, हवा तासाला ६,००० घनमीटर. फॅन सायक्लोनच्या पुढे, चिमणीच्या बाजूला. दोन वर्षे सुरळीत चालले, आता चिमणीतून बारीक भुसा उडतो आणि शेजारच्या काजूच्या बागेत पानांवर थर बसतो. फॅब्रिकेटर मोठा सायक्लोन घ्या म्हणतो. घ्यावा का? (सावंतवाडी)

घेऊ नका. दोन वर्षे चाललेला सायक्लोन एकाएकी लहान होत नाही. आणि तेवढ्याच हवेला मोठा सायक्लोन लावला तर आतला वेग उतरतो, गिरकी ढिली पडते आणि आत्तापेक्षा जास्त भुसा उडतो.

पहिला संशय एअरलॉकवर घ्या, म्हणजे तळाशी माल खाली सोडणाऱ्या पण हवा अडवणाऱ्या फिरत्या झडपेवर. तुमचा फॅन सायक्लोनच्या पुढे आहे, म्हणजे सायक्लोन ओढीखाली चालतो. खाली कुठेही फट असली की बाहेरची हवा तिच्यातून वर घुसणार. फट केवढी, तर एअरलॉकच्या फ्लँजचे गॅस्केट एका बाजूने बसले आणि ३ मिमी रुंद, ३०० मिमी लांब चीर राहिली, एवढीच. तळाशी १५० मिमी पाण्याएवढी ओढ असेल तर या चिरेतून तासाला जवळपास १०० घनमीटर हवा आत येते. तुमच्या एकूण ६,००० घनमीटरपुढे ती दोन टक्केही नाही, म्हणून फॅनच्या अँपिअरवर काही दिसत नाही. पण ती हवा कोनाच्या तळाच्या ३७५ मिमीच्या तोंडातून वर चढताना सेकंदाला सरासरी २५ सेंटिमीटर वेग धरते. ०.१ मिमीचा भुशाचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम १५ सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे भिंतीला लागून व्यवस्थित वेगळा झालेला, तळाशी पोहोचलेला कण पुन्हा मधल्या भोवऱ्यात उचलला जातो आणि सरळ चिमणीत.

तपासणी सोपी आहे. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरा आणि कोनाच्या तळाशी काढलेल्या बारीक नळीला जोडा. भुसा बंद, फॅन चालू ठेवून ओढ नोंदवा. मग तळाची प्रत्येक फ्लँज, तपासणीचे दार, एअरलॉकच्या शाफ्टची ग्लँड यांच्याजवळ टिश्यूची बारीक पट्टी धरा. जिथे पट्टी आत खेचली जाते तिथे फट आहे. काही जण अगरबत्ती फिरवतात. भुशाच्या कारखान्यात ती खिशातच राहू द्या. फ्लँजला ग्लास फायबरचा दोर किंवा उष्णता सोसणारे सिलिकॉन लावा. सायकलच्या ट्यूबचे तुकडे महिनाभर टिकतात, मग कडक होऊन तडकतात.

एअरलॉकचे कप्पे रिकामे फिरतानाही हवा वर नेतात. ३०० बाय ३०० मिमीच्या रोटरमध्ये साधारण १५ लिटर जागा असते. मिनिटाला २० फेऱ्यांनी तासाला १८ घनमीटर हवा जाते. चिरेच्या मानाने ती किरकोळ. पण ‘माल तुंबतो’ म्हणून कुणी पुली बदलून फेऱ्या दुप्पट केल्या असतील तर त्या पूर्ववत करा.

एअरलॉक निर्दोष निघाला तर आणखी तीन जागा पाहा. एक, वरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाचा सायक्लोनमध्ये लोंबणारा भाग. भुसा त्याच्यावर घासत राहतो. तिथे बोटाएवढे भोक पडले की आत येणारा माल गिरकी न घेताच बाहेर जातो. बाहेरून हे कधीच दिसत नाही, टॉर्च घेऊन झाकण उघडावे लागते. दोन, कोनावरचे हातोड्याचे पोचे. माल अडकला की कामगार जी जागा ठोकतो, तिथला पत्रा आत दबतो, त्या उंचवट्यावर पुढचा माल अडतो आणि पुन्हा तिथेच ठोकावे लागते. ठोकायचेच असेल तर बाहेरून १० मिमीची प्लेट वेल्ड करून तिच्यावर लाकडी मोगरीने ठोका. तीन, तळाच्या हॉपरची पातळी. माल साचत कोनापर्यंत आला तर भोवऱ्याचे टोक त्याला उकरते.

प्रश्न : बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या भुग्याचा ड्रायर आहे. एअरलॉक सकाळी हाताने मोकळा फिरतो, अर्ध्या तासाने मोटर ट्रिप होते. थंड झाला की पुन्हा मोकळा. रोटर खराब आहे का? (शिरोळ)

रोटर ठीक असणार, तो फुगतो आहे. पोलाद दर मीटरला दर अंशामागे ०.०१२ मिमी वाढते. ३०० मिमीचा रोटर २० वरून ९० अंशांवर गेला तर व्यासात पाव मिलिमीटर वाढतो, म्हणजे प्रत्येक बाजूला १२ शतांश. बाहेरचे केसिंग उघड्या हवेत असल्याने मागे राहते. तुमच्याकडे थंडपणी ०.१५ मिमीची फट ठेवली असेल तर ती जवळजवळ संपते, त्यात बगॅसच्या भुग्यातली वाळू अडकली की मोटर थांबलीच.

थंड अवस्थेत फट प्रत्येक बाजूला ०.२५ मिमी ठेवा आणि ती फीलर गेजने चारही ठिकाणी मोजा, फक्त वरून नको. केसिंगला रॉकवूल गुंडाळा, म्हणजे दोन्ही भाग बरोबरीने तापतील. माल सोडण्याआधी वीस मिनिटे गरम हवेत एअरलॉक रिकामा फिरू द्या. पात्यांच्या टोकांना रबरी पट्ट्या असतील तर त्या सिलिकॉनच्या घ्या. निओप्रिन शंभर अंशांच्या आसपास कडक पडते.

आणखी एक, आणि हे कुणी विचारत नाही. बेल्ट किंवा चेन सुटली तरी मोटर मजेत चालू राहते. रोटर थांबलेला, वरून माल येतोच आहे आणि वीस मिनिटांत कोन गच्च. रोटरच्या दुसऱ्या टोकाला झीरो स्पीड स्विच (फिरणे थांबले की सुटणारा) बसवा आणि तो माल आत ढकलणाऱ्या फीड स्क्रूशी जोडा. अडकलेला रोटर सोडवताना मेन स्विचला कुलूप घाला, चावी खिशात ठेवा. पाती कापतात, आणि वरचा अडलेला माल सुटला की रोटर आपोआप फिरतो.

प्रश्न : पऱ्हाटीच्या भुग्यासाठी नवीन युनिट टाकतो आहे. हवा ८० अंशांना तासाला ६,००० घनमीटर. सायक्लोनची मापे कशी काढायची? (यवतमाळ)

१९५१ मध्ये स्टेअरमंड यांनी दिलेली प्रमाणे अजूनही उत्तम चालतात. सगळी मापे मुख्य व्यासाच्या पटीत असतात: आत येणारे तोंड उंचीला ०.५ आणि रुंदीला ०.२, बाहेरचा पाइप ०.५, तो छतापासून ०.५ खाली, सरळ भाग १.५, कोन २.५, तळाचे तोंड ०.३७५.

तुमची हवा सेकंदाला १.६७ घनमीटर. तोंडाशी वेग १५ ते २० मीटर हवा. १६ ते १७ धरा. क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर येते, म्हणजे व्यास बरोबर एक मीटर. मग तोंड ५०० बाय २००, पाइप ५०० मिमी, सरळ भाग १,५०० आणि कोन २,५०० मिमी. दाब ८५ ते ९० मिमी पाण्याइतका पडेल. फॅन निवडताना ड्रायरचा पाइप आणि चिमणी यांचे नुकसान त्यात वेगळे मिळवा.

हिशेब गरम हवेवर करा. २० अंशांचे घनमीटर घेऊन मापे काढली तर प्रत्यक्षात हवा वीस टक्के जास्त निघते आणि दाबाचे नुकसान अंदाजाबाहेर जाते. ‘गरम हवा विरळ, म्हणून कण सहज सुटतील’ असेही ऐकू येते. उलट आहे: तापलेल्या हवेची चिकटता वाढते, ८० अंशांना ती २० अंशांपेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास जास्त असते आणि बारीक कण जरा जास्तच निसटतात. आणखी एक परिणाम फॅनवर: थंड हवा जड, म्हणून सकाळी सुरू करताना मोटर जास्त अँपिअर खाते. डॅम्पर (हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप) बंद ठेवून फॅन सुरू करा, हवा तापू लागली की हळूहळू उघडा.

पऱ्हाटीचा खरा त्रास तिच्या सालीचा. सालीचे धागे प्रत्येक उंचवट्याला लोंबतात, त्याला भुसा चिकटतो, गोळा होतो. म्हणून आतली सगळी वेल्डिंग ग्राइंडरने सपाट करून घ्या, एकही बोल्टचे टोक आत नको, थर्मामीटरची नळी तोंडाशी न बसवता बाहेर जाणाऱ्या पाइपात बसवा. ड्रायरआधी चाळणी आणि चुंबक हवेतच. खिळा एअरलॉकमध्ये जाऊन पाते वाकवतो. पत्रा सरळ भागाला ३ मिमी चालतो, पण तोंडासमोरच्या भिंतीला आणि कोनाच्या खालच्या तिसऱ्या भागाला ५ मिमी द्या. झीज तिथेच असते.

काही फॅब्रिकेटर फॅन सायक्लोनच्या आधी लावतात, म्हणजे सगळा भुसा इंपेलरमधून (फॅनच्या फिरत्या चाकातून) जातो. सायक्लोन दाबाखाली येतो आणि खालून हवा घुसत नाही, हा फायदा खरा. पण इंपेलर झिजतो, तोल जातो, बेअरिंग जाते, आणि वाळलेल्या भुशात फिरणारे लोखंड म्हणजे ठिणगीला आमंत्रण. आमचे मत विचाराल तर फॅन पुढेच ठेवा आणि पैसे चांगल्या एअरलॉकवर घाला.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी कोन उघडला की आत ओला, काळपट थर असतो. खरवडून काढावा लागतो. (राधानगरी)

हवेत ओलावा किती आहे ते मोजून पाहा. एक टन भुसा ३५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणताना तासाला सुमारे २८० किलो पाणी वाफ होते. ६,००० घनमीटर हवेत, बाहेरचा ओलावा आणि जळणाचा ओलावा धरून, दर किलो कोरड्या हवेमागे ७५ ग्रॅम वाफ होते. तिचा दवबिंदू ४७ अंशांच्या आसपास. आतली हवा ७५ अंशांना असली तरी पावसाने भिजलेला उघडा पत्रा त्याखाली जातो आणि आतून घाम धरतो. त्या ओल्या पत्र्याला भुशाची भुकटी चिकटते. इंधन वाचवायला बाहेर पडणारी हवा पुन्हा आत फिरवत असाल तर वाफ १५० ग्रॅमपर्यंत आणि दवबिंदू ६० पर्यंत चढतो. मग विचारूच नका.

५० मिमी रॉकवूल आणि वरून अॅल्युमिनियमचा पत्रा, हा उपाय. छत, कोन आणि एअरलॉकपर्यंतचा हॉपर, सगळे झाका. फ्लँजा उघड्या सोडल्या तर नेमका तिथेच थर जमतो. सुरू करताना बाहेर पडणारी हवा ७५ अंशांवर गेल्याशिवाय भुसा सोडू नका. बंद करताना आधी उष्णता कमी करा, हवेचे तापमान उतरू लागले की फीड थांबवा, पंधरा मिनिटे फॅन चालवून आतली वाफ बाहेर काढा, आणि एअरलॉक सगळ्यात शेवटी. पुष्कळ ठिकाणी हूटर वाजला की सगळी बटणे एकदम दाबतात. वाफ आत कोंडते आणि रात्रभर पत्र्यावर उतरते.

प्रश्न : सायक्लोनमध्ये दोनदा भुसा धुमसला. नशिबाने भडका झाला नाही. ठिणगी कुठून येते? (शिरोळ)

बहुतेक हॉट एअर जनरेटरमधून, म्हणजे गरम हवा पुरवणाऱ्या भट्टीतून. जळत्या भुशाचे कण हवेबरोबर येतात. भट्टी आणि ड्रायर यांच्यामध्ये ठिणग्या खाली बसवणारा लहान सायक्लोन किंवा विटांची रुंद खोली हवी.

दुसरे कारण जास्त फसवे आहे. फीड स्क्रू मध्येच अडकतो. आत वाफ करायला पाणीच नाही, म्हणून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान काही सेकंदांत ८० अंशांवरून वर चढते आणि कोपऱ्यांत साचलेला कोरडा भुसा भाजू लागतो. बाहेर जाणाऱ्या पाइपात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा. ११० अंशांना भट्टीचा बायपास (गरम हवा ड्रायर टाळून बाहेर सोडणारी वाट) आपोआप उघडला पाहिजे. ऑपरेटरने बघून उघडायचे असेल तर उशीर ठरलेला.

जळका वास आला किंवा फीड तेवढेच असताना तापमान चढले, तर फीड बंद, भट्टी बायपासवर, फॅन बंद, डॅम्पर बंद, एअरलॉकही बंद. पेटता माल गोदामात जाऊ देऊ नका. तपासणीचे दार उघडायचे नाही. ताजी हवा आत जाते, साचलेला भुसा उडतो आणि धुमसणाऱ्या मालाचा स्फोट होतो. बारीक लाकडी धूळ घनमीटरला ४०–६० ग्रॅम झाली तरी पेट घेऊ शकते. पाणी कायम बसवलेल्या फवाऱ्यातून, बारीक तुषारांत द्या. नळीचा जोरदार झोत तोच भुसा उडवतो. छतावरचे स्फोट झडप पॅनेल ‘गळते’ म्हणून जाड पत्रा वेल्ड करून बंद केलेले असेल, तर ते आजच कापून नवीन पॅनेल बसवा.

प्रश्न : सायक्लोननंतर बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून हवा गाळणारा) लावावाच लागेल का? (अहिल्यानगर)

तुमच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातली चिमणीच्या धुळीची मर्यादा बघा. चांगला सायक्लोन साधारण १० मायक्रॉनपर्यंतची धूळ पकडतो, खालची जाते. बॅग फिल्टर लावायचा तर मिनिटाला १०० घनमीटर हवेला, दर चौरस मीटर कापडातून मिनिटाला १.२ घनमीटर या प्रमाणात, ८३ चौरस मीटर कापड लागेल, म्हणजे १५० मिमी व्यासाच्या, तीन मीटर लांबीच्या ६० बॅगा. पॉलिएस्टर कोरड्या हवेत १३० अंश सोसते, पण वाफाळ हवेत ते लवकर कुजते. तुमच्यासाठी अॅक्रिलिक बरे. सुरुवातीच्या ओल्या हवेला बॅगा दाखवू नका, बायपास ठेवा. आणि आधी पहिल्या उत्तरातली टिश्यूची पट्टी फिरवून घ्या. एअरलॉक गळत असेल तर बॅगा आठवड्याभरात भुशानेच भरतील.