मल्टिमीटर कोणाच्या हातात?

मुलींना विज्ञान-तंत्रज्ञानाकडे कसं वळवावं, अशी पत्रं या महिन्यात बरीच आली. ज्यांवर नेमकं काही करून बघता येईल असे पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आठवी-नववीला विज्ञान शिकवते. प्रयोगाच्या तासाला मुलगे पुढे होऊन जोडणी करतात, मुली निरीक्षणं लिहितात. वह्या सुरेख, पण वायर हातात घ्यायला बिचकतात. साहित्यही जेमतेम आहे.
(शिक्षिका, जव्हार तालुका)

उत्तर : गट तिघांचा करा. सहाच्या गटात दोघं काम करतात आणि बाकीचे बघे होतात. बघे कोण, हे ठरलेलंच असतं. जोडणी, मोजणी आणि नोंद ही तीन कामं फळ्यावर नावानिशी लिहा आणि दर तासाला बदला. सुरुवातीचे चार-सहा तास मुलींचे गट वेगळे ठेवा, हात बसला की मिसळा. एक पथ्य मात्र तुमचं : दिवा लागला नाही म्हणून मुलीच्या हातातून वायर काढून घेऊन स्वतः जोडून द्यायची नाही. ‘या दोन टोकांवर किती व्होल्ट दिसतात?’ एवढंच विचारायचं आणि पुढच्या गटाकडे जायचं.

पहिला प्रयोग एलईडीचाच घ्या. प्रत्येक गटाला ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची टोपी, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायचा भोकाभोकांचा बोर्ड), लाल एलईडी, करंटला आवर घालणारा ४७० ओहमचा रेझिस्टर (पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टा) आणि व्होल्टेज-करंट मोजणारा, दोन-तीनशे रुपयांना मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. उरलेले ७ व्होल्ट भागिले ४७० ओहम म्हणजे जवळपास १५ मिलिअँपिअर करंट, आणि साध्या एलईडीची मर्यादा २० च्या आसपास असते. हे गणित जोडणीच्या आधी मुलींकडून वहीत करून घ्या. तयार किटमध्ये बहुतेकदा २२० ओहमचे रेझिस्टर येतात. ते ५ व्होल्टसाठी ठीक. ९ व्होल्टला त्यांतून ३० च्या वर मिलिअँपिअर जातात, एलईडी झगझगीत पेटतो आणि लवकर मरतो.

दिवा लागत नाही याची कारणं मोजकीच असतात. एलईडी उलटा बसलेला असतो (लांब पाय धन बाजूला), किंवा त्याचे दोन्ही पाय ब्रेडबोर्डच्या एकाच ओळीत खोचलेले असतात. ओळीतली पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असल्यामुळे मग वीज एलईडीला वळसा घालून जाते. मधल्या खाचेच्या अलीकडची ओळ आणि पलीकडची ओळ मात्र वेगळी. काही बोर्डांवर कडेची लांब पट्टी मध्यावर तुटलेली असते, तिने भलेभले चकतात.

मल्टिमीटरच्या बाबतीत एकच चूक पुन्हा पुन्हा होते. चकती मिलिअँपिअरवर राहते आणि टोकं थेट बॅटरीला लावली जातात. आतला फ्यूज उडतो, व्होल्टेज पूर्ववत दिसत राहतं, पण करंट कायम शून्य. मग मीटर ‘बिघडला’ म्हणून कपाटात जातो. मागचे स्क्रू काढून फ्यूज बदलायचा, बस्स. साध्या मीटरमध्ये तो बहुधा २०० किंवा २५० मिलिअँपिअरचा असतो. जुन्यावर आकडा कोरलेला असतो तोच आणायचा. हे काम मुलींनाच करू द्या. उघडलेला मीटर परत चालू केला की बिचकणं बरंचसं जातं.

प्रश्न : मुलीला दहावीला ७८ टक्के आहेत. तिला मेकॅनिकल डिप्लोमा करायचा आहे. नातेवाईक म्हणतात, मुलीच्या जातीला वर्कशॉप झेपणार नाही, कॉम्प्युटर घे. फीचंही बघायला हवं. आम्ही ओबीसी आहोत.
(एक आई, बार्शी)

उत्तर : कॉम्प्युटर तिला आवडत असेल तर जरूर घ्या, नातेवाइकांना आवडतो म्हणून नको. वर्कशॉपमध्ये ताकदीपेक्षा शिस्त लागते. लेथवर काम करताना केस घट्ट बांधलेले, बाह्या आवळलेल्या, पायात बंद बूट. ओढणी, बांगड्या, अंगठी नाही. आणि फिरत्या यंत्रावर हातमोजेही नाहीत, कारण कापड गुंतलं तर हात ओढला जातो. हे नियम मुलग्यांनाही तेच आहेत. प्रवेशाआधी संस्थेत जाऊन वर्कशॉप बघा. मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह वर्कशॉपजवळ आहे का, हे तिथेच पाहून घ्या. घरापासून दूर राहायची तयारी असेल तर लातूर, तासगाव आणि यवतमाळला मुलींची शासकीय निवासी तंत्रनिकेतनं आहेत. तुम्हाला हवी ती शाखा तिथे आहे का ते आधी तपासा.

डिप्लोमा तीन वर्षांचा. त्यानंतर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यासाठी डिप्लोमाला खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात. म्हणजे वाट बंद होत नाही, आणि मधेच नोकरी करायची वेळ आली तर हातात पदविका असते.

फीबद्दल. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. वसतिगृह, मेस यांचा खर्च तुमचाच. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, आणि दरवर्षी नव्याने भरावा लागतो. दुसऱ्या वर्षी तो राहून गेलेल्या मुली दर कॉलेजात सापडतील.

दुसरी सोय एआयसीटीईच्या, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या, प्रगती शिष्यवृत्तीची : वर्षाला ५० हजार रुपये, उत्पन्नमर्यादा तीच ८ लाख, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तिच्यासोबत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालत नाही. शासकीय तंत्रनिकेतनात फी मुळातच काही हजारांत असते, तिथे फीमाफीपेक्षा प्रगती मिळाली तर जास्त फायद्याची. खासगी संस्थेत हिशेब उलटा होऊ शकतो. दोन्हींत काय निवडायचं ते संस्थेच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून मगच अर्ज भरा.

नॉन-क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढू म्हटलं तर सेतू केंद्रात रांगा लागतात. आत्ताच काढा. बँक खात्याचंही एक बघा : पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नव्हे. दुसऱ्या बँकेत मधेच खातं उघडलं असेल तर शिष्यवृत्ती तिकडे जाते आणि घरचे वर्षभर पोर्टल बघत बसतात.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी सायन्सला गणित इंग्रजीत आलं आणि काही कळेनासं झालं. सर म्हणतात गणित सोडून बायोलॉजी घे. घेऊ का?
(विद्यार्थिनी, सिन्नर)

उत्तर : बायोलॉजी आवडते म्हणून घेत असशील तर घे. गणिताच्या भीतीने घेऊ नकोस. बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंगचा नेहमीचा मार्ग बंद होतो, आणि खडकवासल्याच्या एनडीएतून नौदल किंवा हवाई दलात जायची वाटही. ठरत नसेल तर दोन्ही विषय ठेवता येतात. अभ्यास वाढतो, पण निर्णय वर्षभर लांबवता येतो.

अडचण गणिताची नसून शब्दांची आहे का, हे आधी तपास. दहावीच्या पुस्तकातलं वर्गसमीकरणाचं एक उदाहरण घे आणि तेच इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात वाच. मराठीत सुटतं आणि इंग्रजीत अडतं, असं असेल तर दोन महिन्यांचं काम आहे. दोन्ही माध्यमांची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. धडे तेच, क्रम तोच. शेजारी-शेजारी ठेवून रोज दोन पानं वाच आणि शब्दांच्या जोड्या एका वहीत उतरव : अंकगणिती श्रेढी – अरिथमेटिक प्रोग्रेशन, स्पर्शिका – टॅन्जंट, संभाव्यता – प्रोबॅबिलिटी.

ही वही सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेलाही लागेल. एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतून निवडता येतो, गणिताचा मात्र इंग्रजीतच असतो. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. त्यांतले साधारण १० प्रश्न अकरावीचे आणि ४० बारावीचे. म्हणजे अकरावी थोडी कच्ची गेली तरी सगळं संपत नाही.

प्रश्न : भाऊ बारावी सायन्सला आहे, अनुसूचित जमातीचा दाखला आहे. व्हॅलिडिटी कधी काढायची?
(वाचक, अकोले)

उत्तर : व्हॅलिडिटी म्हणजे दाखल्याची पडताळणी होऊन मिळणारं वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी आजच अर्ज करा. कॅपची फेरी सुरू झाल्यावर केलेला अर्ज वेळेत निघेल याची खात्री नसते. कॉलेजचं पत्र लागतं, आणि जमातींची पडताळणी समिती इतर प्रवर्गांपेक्षा वेगळी असते. सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाचं वैधता प्रमाणपत्र. ते नसेल तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदी शोधा : आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा तहसीलमधलं जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक. आईकडचे कागद सहसा उपयोगी पडत नाहीत. जुन्या नोंदीत नुसतं ‘कोळी’ किंवा ‘हिंदू’ एवढंच असेल तर त्यावरून जमात कळत नाही आणि अर्ज तिथेच अडतो. मग भाऊबंदांपैकी दुसऱ्या कोणाची स्पष्ट नोंद शोधावी लागते. रजिस्टरमध्ये खाडाखोड करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर मागवतं.

प्रश्न : गावच्या शाळेला २५ हजार द्यायचे आहेत. टॅब्लेट घेऊ का?
(निवृत्त वाचक, डोंबिवली)

उत्तर : नको. चार्जर हरवतात आणि टॅब्लेट मुख्याध्यापकांच्या कपाटात सुरक्षित राहतात. वर सांगितलेल्या साहित्याचे आठ-दहा संच घ्या, त्यासोबत पक्कड, स्क्रूड्रायव्हर, दोन सोल्डरिंग गन आणि वर्षभर पुरतील इतके एलईडी-रेझिस्टर-बॅटऱ्या. मोडणाऱ्या वस्तूंसाठी पैसे नसले की शिक्षक साहित्य बाहेरच काढत नाहीत, म्हणून दोन-तीन हजार दुरुस्तीला वेगळे ठेवा. उरलेल्यात एसटीचं भाडं बसवा. पुण्याला आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलं स्वतःच्या हाताने खेळणी बनवतात, आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण २८ फेब्रुवारीच्या सुमारास सर्वांना बघता येते. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेला पाठवायला शाळेला सांगा. निवड झाली तर विद्यार्थ्याच्या खात्यात १० हजार येतात. शाळा पाच नावं पाठवू शकते. त्यांत मुली किती आहेत, हे देणगीदार म्हणून तुम्ही विचारू शकता.