आईला केबल कारने वर न्यावं की खाली बसवावं?

तुमचा प्रश्न : 'सुट्टीत सगळे मिळून केबल कारने डोंगरमाथ्यावर जाणार आहोत. आईचं वय ७४, गुडघे दुखतात, उंचीची थोडी भीती आहे. तिला खालच्या स्टेशनवर बसवून आम्ही जाऊन यावं का? आणि कोणती वेळ बरी?'

खाली बसवू नका. आमच्या घरात अगदी हाच वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

तिकिटाच्या रांगेत दादाने परस्पर जाहीर केलं, "आई इथेच बसेल, सामानाकडेही लक्ष राहील." आईला कुणी विचारलंच नाही. तीही सवयीने म्हणाली, "जा तुम्ही, मी बसते." जन्मभर हेच म्हणत आलेल्या बाईचा हा नकार नसतो, हे मुलांना कधी कळायचं? मी तिचं तिकीट काढलं. "वर काही झालं तर तू जबाबदार," दादा म्हणाला. म्हटलं, हो, मी.

केबिन सुटली तशी आईने दांडी इतकी घट्ट धरली की बोटांची पेरं पांढरी पडली. खांबावरून जाताना वर चाकं खडखडतात, केबिन झुलते आणि पोटात गोळा येतो. हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या खांबाला तिने डोळे मिटले. दुसऱ्याला स्वतःच म्हणाली, "आता हलेल बघ." मग समोरून खाली येणारी केबिन दिसली आणि तिने ऑपरेटरला विचारलं, "ती खाली येते म्हणून आपण वर जातोय का?" तो खूश झाला. बरोबरच होतं तिचं. रहाटावरच्या दोराच्या दोन टोकांना दोन पोहरे बांधावेत तसंच ते असतं. उतरणाऱ्या केबिनचं वजन चढणारीच्या कामी येतं, मोटरला फक्त फरक ओढायचा असतो. केबिन चालते ती जाड, स्थिर दोरावर. ओढणारा दोर वेगळा. वीज गेली तर केबिन स्टेशनात आणायला डिझेल इंजिन असतं, हेही त्याने सांगितलं. दांडीवरची पकड तिथेच सैल झाली. भीती वाटणाऱ्या माणसाला "घाबरू नकोस" म्हणून काही उपयोग नसतो, यंत्र समजावून सांगा.

वर दादा फोटो काढून थोड्याच वेळात कंटाळला. आई बाकावर बसून आम्ही ज्या रस्त्याने आलो तो बोटाने वळणावळणाने शोधत होती. मध्येच तो झाडीत गडप व्हायचा, की पुन्हा पहिल्या पुलापासून सुरुवात. उठायलाच तयार नव्हती.

दादा आजही म्हणतो, "नशीब, काही झालं नाही." नशीब कसलं? मी आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं की वरच्या स्टेशनापासून बघायच्या जागेपर्यंत पायऱ्या किती, व्हीलचेअर मिळते का, आत चढता यावं म्हणून केबिन स्टेशनात पूर्ण थांबते का. हा शेवटचा प्रश्न तुम्हीही विचाराच. एकामागून एक छोट्या केबिन येत राहतात त्या प्रकारात स्टेशनात केबिन बहुधा थांबत नाही, सरपटत पुढे जातच असते. दुखऱ्या गुडघ्यांना ते अवघड. कर्मचाऱ्यांना आधी सांगितलं तर ते वेग आणखी कमी करतात किंवा थांबवतात. कानांना दडे बसले तर आवंढा गिळायला सांगा. तान्हं बाळ बरोबर असेल तर त्याला चढताना-उतरताना दूध पाजा. आणि स्वेटर हवाच, कारण दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं.

एक मात्र खरं, मी सांगतेय ते मध्यम उंचीच्या डोंगराचं. फ्रान्समधली एग्वी द्यु मिदीची केबल कार शामोनीच्या सुमारे १०३५ मीटरवरून तुम्हाला वीसेक मिनिटांत ३७७७ मीटरवर नेऊन सोडते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांहूनही कमी असतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. तुमचं ठिकाण अडीच हजार मीटरच्या वर असेल आणि आईला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर नको. पण ते डॉक्टरांनी म्हणावं, भावाने नव्हे. आणि मग तिच्याबरोबर कुणीतरी खाली थांबावं, नुसती सामानाची राखण करायला तिला बसवू नये.

वेळेचं म्हणाल तर सकाळी लवकर. गर्दी कमी असते आणि सहसा दुपारच्या मानाने हवा स्वच्छ आणि शांत. वारा वाढला की केबल कार बंद ठेवतात. केपटाउनच्या टेबल माउंटनवर तर हे नेहमीचंच. म्हणून निघण्यापूर्वी चालू आहे का ते बघा आणि परतीची शेवटची फेरी कितीची हे वर जाण्याआधीच विचारून ठेवा.