अकरा नियम आणि एक स्टीलचा डबा

"मॅडम, आधीच सांगते, हसू नका."

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर टेकता टेकताच बाई म्हणाल्या. चाळिशीच्या जरा अलीकडच्या, राहायला डोंबिवली, नोकरी अंधेरी पूर्वेला, चकाल्याजवळच्या एका ऑफिसात. काम ॲडमिनचं. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तीन आठवडे रविवारची रात्र झोपेविना जात होती. दोनला जाग यायची, ती साडेपाचचा गजर होईपर्यंत टक्क उघडे डोळे. सोमवारी घाटकोपरला मेट्रोचा जिना चढताना पोटात गोळा. घरच्यांना वाटलं बीपी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही, म्हणून माझ्याकडे पाठवलं.

"कशामुळे होत असेल, तुम्हाला काय वाटतं?"

"ऑफिसच्या फ्रिजमुळे."

मी हसले नाही. एसी किती डिग्रीवर ठेवायचा यावरून, पार्किंगच्या जागेवरून, चहाच्या कपावरून माणसं माझ्याकडे येऊन रडली आहेत. आणि प्रत्येकाचा प्रश्न तोच असतो, जो बाईंनीही विचारला: "एवढ्याशा गोष्टीचा मला इतका त्रास होतो, म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय का?"

हकिगत अशी. बेचाळीस माणसं, एक दोन दारांचा फ्रिज. लॉकडाऊनच्या आधी भांडण असं नव्हतंच. सव्वाला सगळे एकत्र बसायचे, डबे मध्ये सरकवायचे, दीडच्या पुढे फ्रिजमध्ये काही उरायचंच नाही. नंतर आठवड्याचे तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर असं सुरू झालं, तेही प्रत्येकाचे दिवस वेगळे. मंगळवारी ठेवलेला डबा गुरुवारी बघणारा माणूस निराळाच. डबे बेवारस होऊ लागले. दही हिरवं होऊ लागलं. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही जरा नियम करून टाका ना, ताई."

ताईंनी केले. अकरा नियम टाइप केले, लॅमिनेट करून दारावर लावले. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं: "१२. श्वास घेण्यापूर्वी ॲडमिनची परवानगी घ्यावी."

त्यातच दर सोमवारी फ्रिज उघडला की भपकारा. एका वरिष्ठांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मासे आणायला बंदी का करत नाही तुम्ही?" उरणहून येणारे एक सहकारी अधूनमधून बोंबील आणत, कधी कोलंबी. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांचा डबा फ्रिजमध्ये दिसला नाही. टेबलाखाली पिशवीत असायचा. घरून सकाळी सातला निघालेला डबा, जेवण दीड वाजता, आणि मुंबईचा ऑक्टोबर. शिजलेलं अन्न पाच ते साठ डिग्रीच्या मध्ये जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात. दोन तासांच्या वर ते बाहेर ठेवू नये म्हणतात, इथे साडेसहा.

पण बाईंची झोप उडाली ती यामुळे नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी स्वतःच फ्रिज रिकामा करायला घेतला. एका स्टीलच्या डब्यात उसळीवर बोटभर बुरशी. नाक दाबून तो डब्यासकट काळ्या पिशवीत टाकला. सोमवारी अकाउंट्समधला एक मुलगा आला, पंचविशीचा असेल. "ताई, इथे माझा डबा होता." झाकणावर त्याच्या आजीचं नाव घातलेलं होतं.

भांड्यावर नाव घालणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. लग्नात, मुंजीत, बारशाला आलेल्या ताटल्या-वाट्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, खाली तारीख. माणूस जातं, डबा घरात फिरत राहतो.

"काही बोलला असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "नुसतं 'ठीक आहे' म्हणून गेला. आता बाहेरून वडापाव आणून खातो."

इथे माझी एक चूक सांगते. पहिल्या बैठकीचा निम्मा वेळ मी त्यांच्या लहानपणात घालवला. घरात थोरल्या का, उरलंसुरलं कोण संपवायचं, आई रागवायची का. त्यांनी शिस्तीत उत्तरं दिली आणि निघताना म्हणाल्या, "मॅडम, ते सगळं खरं आहे. पण सोमवारी मी काय करू?" मला शरमल्यासारखं झालं. कधी कधी फ्रिज म्हणजे फ्रिजच असतो.

दुसऱ्या शनिवारी त्यांना ती नोटीस आणायला सांगितली आणि मोठ्याने वाचायला लावली. अकरापैकी सहा नियम अशा गोष्टींबद्दल होते ज्या त्या ऑफिसात कधी घडल्याच नव्हत्या. आणि अकरावा असा: "शुक्रवारी सायंकाळी फ्रिजमध्ये आढळलेले सर्व पदार्थ डब्यासह टाकून देण्यात येतील."

"टाकून कोण देणार?"

"मावशी. हाउसकीपिंगच्या."

"त्यांना विचारलं होतं?"

बाई गप्प. आपल्या सरकारी मराठीची ही मोठी सोय आहे. 'देण्यात येईल', 'करण्यात येईल' म्हटलं की करणारं माणूस वाक्यातून नाहीसं होतं. नोटीस लावल्यावर पहिल्या शुक्रवारी मावशींनी डबे काढले तर दोघे त्यांच्यावर ओरडले. पुढच्या शुक्रवारी नाही काढले तर मॅनेजर ओरडले. म्हणून तिसऱ्या शुक्रवारी बाईंनी स्वतः हात घातला, आणि नेमका तो डबा हाती लागला.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. मजल्यावर एक नळ, पाणी पहाटे यायचं, तेही तासभर. रांगेत माणसं उभी नसत, हंडे असत. आधी प्रत्येकाचं पिण्याचं, मग धुण्याच्या बादल्या. घरात बाळंतीण असेल किंवा कुणी गेलेलं असेल तर त्या घराला नंबर लावावा लागत नसे, त्यांचं पाणी दुसरं कुणी भरून ठेवी. भांडणं व्हायची, कळशा आपटल्या जायच्या, पण नियम कुठेही लिहिलेला नव्हता आणि तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच नळावर यायचं असे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण याच अभ्यासासाठी. गावोगावची कुरणं, पाण्याचे पाट लोक शतकानुशतकं कसे वाटून वापरतात हे त्यांनी तपासलं. जिथे वापरणाऱ्यांनीच नियम ठरवले आणि लक्षही त्यांनीच ठेवलं, तिथे व्यवस्था टिकून राहण्याची शक्यता जास्त दिसली. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना नोबेल द्यायला पाहिजे मग."

कामाची दोन टोकं होती, ती आम्ही वेगळी केली. एक, नियमांचं. दुसरं, त्या मुलाचं. त्यांच्या डोक्यात दोन्हीचा गुंता झाला होता. नियम नीट झाले की अपराधीपणा जाईल असं त्यांना वाटत होतं. तो तसा जात नाही.

त्यांनी मुलासाठी नवा डबा घेऊन ठेवला होता. मी म्हटलं, इतक्यात देऊ नका. नवा डबा हातात पडला की त्याला "थँक्यू ताई" म्हणावंच लागेल, आणि मग त्याला वाईट वाटायची सोयच राहणार नाही. आधी नुसतं सांगा. खोलीत सराव केला. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "मी तुझा डबा टाकला, पण त्याला इतका वास..." दुसऱ्यांदा, "...पण नोटीस लावलेली होती." तिसऱ्यांदाही 'पण' आलाच. चौथ्यांदा: "तुझ्या आजीचा डबा मी टाकला. झाकण बघायला हवं होतं, बघितलं नाही." एवढं म्हणून थांबल्या आणि रडल्या. मला वाटतं झोपेची गाठ तिथे सुटायला लागली. फ्रिजचं म्हणाल तर त्याची गाठ मावशींनी सोडवली.

नियम बदलायच्या आधी मावशींशी बोला, एवढंच मी सुचवलं होतं. बाईंनी मंगळवारी चहाच्या वेळी त्यांना शेजारी बसवून विचारलं. मावशी म्हणाल्या, "वास माशाचा नाही मॅडम. शुक्रवारी रात्री सिक्युरिटीवाले मेन स्विच बंद करतात. सोमवारी मी यायच्या जरा आधी चालू करतात."

शुक्रवारी रात्री नऊ ते सोमवारी सकाळी सात. अठ्ठावन्न तास. वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. दर शनिवार-रविवारी आतलं दूध, दही, भाजी उबेत आंबत होती आणि सोमवारी दहापर्यंत सगळं पुन्हा गार, म्हणजे बघणाऱ्याला काही कळायची सोय नाही. नासलेलं पुन्हा गार केलं म्हणून खाण्यासारखं होत नाही, हे वेगळं. पुढे मावशींनी फ्रिज भिंतीपासून ओढून मागचा ट्रे दाखवला. डीफ्रॉस्टचं पाणी कॉम्प्रेसरजवळच्या त्या ट्रेमध्ये उतरतं आणि एरवी तिथल्या उष्णतेने उडून जातं. तो शेवाळून काळा झाला होता. पाच महिने बोंबलाचं नाव बदनाम, आणि दोषी हा ट्रे.

"आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

त्या आठवड्यात फ्रिजची लाइन वेगळी करून घेतली, आणि सगळे येतात त्या बुधवारी अर्धा तास सगळ्यांना पँट्रीत उभं केलं. खुर्च्या मुद्दाम नव्हत्या. उभ्या माणसाचं भाषण लांबत नाही. वासाचं खरं कारण बाईंनी सांगितलं तेव्हा उरणचे गृहस्थ फक्त "बरं" म्हणाले. ते वरिष्ठ काहीच म्हणाले नाहीत.

स्वतंत्र कप्प्याची मागणी मात्र आली, आणि माझं मत असं की त्या मागणीत गैर काही नाही. कुणाचा चातुर्मास असतो, कुणी जैन असतं, कुणाचा संकष्टीचा उपास. "माझं वेगळं ठेवायला मला जागा हवी" हे मागणं झालं. "त्यांचं इथे नको" ही बंदी झाली. पहिल्यासाठी खालचा भाजीचा ट्रे मोकळा करून दिला. दुसऱ्यासाठी काही नाही. घट्ट झाकणाचा नियम मात्र सगळ्यांना सारखा, मुळ्याची भाजी आणि लसणाची चटणीही त्यात आली.

मला स्वतःला न सुचलेली गोष्ट एका तरुण मुलीने नंतर बाईंना बाजूला घेऊन सांगितली. ती बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपवून नुकतीच परतली होती. दुपारी दूध काढून बाटली काळ्या पिशवीत गुंडाळून अगदी मागे ठेवायची. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं, पण तिला रोज संध्याकाळी घरी न्यायचं असे. "नाव नसलेली वस्तू टाकण्यात येईल" हा जुना नियम वाचून तिने कित्येक दिवस धसका घेतला होता. नाव लिहिलं तर सगळे विचारणार काय आहे, नाही लिहिलं तर पिशवी जाणार. म्हणून ठरलं की नाव आणि वार लिहायचा, आत काय आहे ते लिहायची आणि विचारायची गरज नाही.

लॅमिनेट केलेला कागद गेला. त्या जागी हाताने लिहिलेल्या चार ओळी आल्या. नाव-वार आणि घट्ट झाकण सांगून झालंच आहे. राहिलं शुक्रवारचं. गुरुवारी संध्याकाळी ग्रुपवर एक फोटो, म्हणजे ज्याचं त्याने ओळखून न्यावं. शुक्रवारी चार वाजता जे उरेल त्यातलं अन्न टाकायचं, डबा कधीही नाही. तो विसळून ओट्यावर पालथा. हे करायचं पाळीने, दोघादोघांनी, आणि मावशींनी नाही. पहिली पाळी मॅनेजरांची लावा, असा माझा आग्रह होता. बाईंना ते सांगायला आणखी एक आठवडा लागला. मॅनेजरांनी बाह्या सरसावून तीन डबे विसळले म्हणे, आणि त्यातला एक त्यांचाच निघाला.

सगळं गोड झालेलं नाही. ते वरिष्ठ आता फ्रिज वापरत नाहीत, डबा टेबलावर ठेवतात. उरणच्या गृहस्थांचा डबा फ्रिजमध्ये परत आला, पण बोंबील नाही आला. आजीचा डबाही मिळाला नाही, कचरा केव्हाच गेला होता. मुलाने बाईंचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी असती तर मलाच ओरडली असती, आठवडाभर उसळ ठेवली म्हणून." त्यानंतर तो प्लॅस्टिकचा डबा आणू लागला.

शेवटच्या बैठकीला बाईंनी विचारलं, दादरला भांड्यावर नाव घालून कुठे मिळतं. मी सांगितलं. कुणाचं नाव घालणार ते त्यांनी सांगितलं नाही. झोप म्हणाल तर बरी आहे, एखाद्या रविवारी अजून दोनला जाग येते, पण पाणी पिऊन परत लागते. मास्किंग टेपचा रोल आणि मार्कर फ्रिजच्या हँडलला सुतळीने बांधून ठेवले आहेत. टेप आहे तिथेच आहे. मार्कर आतापर्यंत चार गेले.