बॉनेटखाली पाणी किती घालायचं?

गणपती झाले की बडोद्यात गाड्यांच्या साफसफाईचा मोसम सुरू होतो. पावसाचा चिखल वाळलेला असतो आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर धुळीत गाडी लावायची असते. या वेळच्या पत्रांत बॉनेटखालच्या सफाईचे प्रश्न सर्वांत जास्त आले, म्हणून हा भाग त्यांनाच.

आमची पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची आहे. इंजिनवर काळा तेलकट थर बसलाय. शेजाऱ्यांकडे प्रेशर वॉशर आहे. घरी धुवावं का?
*– मांजलपूर*

धुवा, पण प्रेशर वॉशर शेजाऱ्यांकडेच राहू द्या. बॉनेटखालच्या कनेक्टरना रबरी सील असतात. पावसात उडणारे शिंतोडे ते सोसतात, पण जवळून मारलेली जोराची धार सीलच्या आत शिरते आणि मग त्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. सात वर्षांत हे रबर कडकही झालेलं असतं.

काम सकाळी करा, गाडी रात्रभर उभी असताना आणि सावलीत. गरम इंजिनवर क्लीनर लगेच वाळून डाग पाडतो आणि तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर ओतीव लोखंड तडकू शकतं.

आधी कोरडी सफाई. काचेखालच्या काळ्या जाळीत कडुनिंबाचा पाला आणि गुलमोहराची बारीक पानं अडकतात. ती ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढून घ्या. जाळीखाली पाणी वाहून जायला भोकं असतात. ती तुंबली की पावसाचं पाणी एसीच्या ब्लोअरमध्ये (हवा आत ढकलणाऱ्या पंख्यात) आणि तिथून पायाखालच्या मॅटवर येतं. ‘गाडीत कुबट वास येतो’ अशा कित्येक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

मग दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. घड्याळ शून्यावर येईल, काही गाड्यांत रेडिओ कोड मागेल किंवा काचा आपोआप वर-खाली होण्याचं सेटिंग पुन्हा करावं लागेल, एवढंच. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा संगणक), इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) आणि एअर फिल्टरला हवा घेणाऱ्या नळीचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकून रबर बँड लावा. किती पिशव्या लावल्या ते मोजून ठेवा. एखादी आत राहिली तर इंजिनच्या रबरी पट्ट्यात (बेल्टमध्ये) किंवा पंख्यात सापडते. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट बसल्याची खात्री करा.

ऑल-पर्पज क्लीनर प्लास्टिकसाठी एकास दहा पातळ करा, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ४५ मिली क्लीनर, बाकी पाणी. तेलकट धातूसाठी एकास चार, म्हणजे १०० मिली क्लीनर आणि ४०० मिली पाणी. हॅचबॅकला प्रत्येकी एक बाटली भरपूर झाली. एका वेळी एकच कोपरा घ्या, फवारून तीन-चार मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. घासायला रंगकामाचा एक इंची ब्रश उत्तम, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा, नाहीतर रंगावर ओरखडे येतात. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. कॉस्टिकवाला डिग्रीझर किंवा अलॉय व्हील साफ करायचं ॲसिड इथे वापरू नका. ॲल्युमिनियमवर त्याचे पांढुरके-काळपट डाग पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

धुवायला पाइप नकोच. झाडांवर औषध फवारायचा दोन लिटरचा हातपंप घ्या आणि नोझल बारीक तुषारावर ठेवा. एवढ्या पाण्यात काम होतं. झाकलेल्या भागांच्या आसपास तर ओल्या मायक्रोफायबरने पुसणंच बरं. बोअरचं पाणी असेल तर काळ्या प्लास्टिकवर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. शेवटचा हात बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने फिरवा.

धुण्यापेक्षा वाळवायला जास्त वेळ द्या. कापडाने टिपा, हवा मारायचा ब्लोअर असेल तर कनेक्टर आणि बोल्टच्या खोलगट जागांतून हवा मारा. पिशव्या काढून मोजा, बॅटरी जोडा आणि बॉनेट उघडं ठेवून इंजिन १०-१५ मिनिटं आयडलवर चालवा, रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत. पंख्यापासून बोटं आणि ओढणी लांब ठेवा. काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही सुरू होतो.

प्लास्टिकला चमक हवी असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग स्पंजवर घेऊन लावा. थेट फवारलं की पट्ट्यावर आणि पुलीवर जातं, पट्टा घसरतो आणि गाडी किंचाळायला लागते. चमक मात्र दुय्यम आहे. साफ इंजिनाचा खरा फायदा गळती दिसण्यात आहे. सुमारे २०० किलोमीटरनंतर बॉनेट उघडून टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाची, कड बघा. तिथे ताजी तेलकट रेघ दिसली तर झाकणाखालचं पॅकिंग (गॅस्केट) गेलं आहे. तुमचा काळा थर बहुधा त्यामुळेच आहे.

सर्व्हिसिंगनंतर गॅरेजवाला इंजिनवर डिझेलचा फवारा मारून देतो. इंजिन नव्यासारखं चमकतं. यात गैर काय?
*– दांडिया बाजार*

चमक डिझेलच्या पातळ थराची असते आणि तो थर तसाच राहतो. दोन दिवसांत त्यावर धूळ चिकटते आणि काळा लगदा होतो. दुसरं म्हणजे कूलंटचे होज (रबरी नळ्या), ग्रोमेट (वायर जाते त्या भोकातली रबरी कडी) आणि कित्येक सील ज्या रबराचे असतात, ते खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. होज दाबून बघा. क्लॅम्पजवळ तो स्पंजासारखा लागला तर बदलायची वेळ झाली. एक्झॉस्टवर पडलेलं डिझेल धुरकटतं, ते वेगळंच. रॉकेलचंही तेच. पुढच्या वेळी जॉब कार्डवरच ‘डिझेल वॉश नको’ असं लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं धुण्याच्या रॅम्पपर्यंत पोहोचत नाही.

इंजिन धुतलं आणि तेव्हापासून गाडी मिसिंग करते, म्हणजे धक्के देत चालते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. वाळेल आपोआप?
*– कारेलीबाग*

वाट बघू नका आणि गाडी चालवू तर अजिबात नका. दिवा लुकलुकतो याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता एक्झॉस्टमध्ये जातंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जळतं आणि तो महागडा भाग जाळून टाकतं.

स्पार्क प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिथे पाणी साचलेलं असणार. ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता ओल्या रबरावरून बाजूला धातूत उतरते. वरून कॉइल झाकण असल्यामुळे ते पाणी आपोआप वाळायला कित्येक दिवस लागतात. इंजिन गार झाल्यावर बॅटरी काढा, कॉइलच्या कनेक्टरचं लॉक हळूच दाबा (जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं, पटकन तुटतं), बोल्ट काढून कॉइल किंचित फिरवत सरळ वर ओढा. विहिरीतलं पाणी कापडाने टिपा, मग हवा मारा. पाणी पूर्ण निघेपर्यंत प्लग काढू नका, नाहीतर ते सरळ सिलिंडरमध्ये जाईल. कॉइलच्या रबरावर बारीक पांढुरकी वाट दिसत असेल तर ठिणगीने तिथे रस्ता पाडलाय, ते रबर बदला. बसवताना आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा बारीक थर द्या.

सीएनजी किट असलेल्या गाडीला काही वेगळं?
*– वाघोडिया रोड*

गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. रेग्युलेटर, इंजेक्टर रेल आणि किटचा ईसीयू झाका, तिथे फक्त ओलसर कापड फिरवा. स्टीलच्या नळीचा कोणताही नट सैल करू नका. काम झाल्यावर गॅसचा वास आला तर गाडी सुरू न करता किटवाल्याला बोलवा. हातासरशी सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखालच्या तपासणीची) तारीखही बघा, ती दर तीन वर्षांनी लागते.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, गाडीच्या बंपरच्या वर आलं. दुरुस्ती झाली, पण कोपऱ्यांत अजून गाळ सापडतो. तो कसा काढावा? आणि पुन्हा असं झालं तर?
*– अकोटा*

हा गाळ पिठासारखा बारीक असतो, ओल धरतो आणि पत्र्याला आतून गंज लावतो. कोरडा खरवडू नका, तुषाराने भिजवून मऊ ब्रशने सोडवा. सगळ्यात जास्त तो एसीच्या कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो. तिथे इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाने पाणी सोडा. उलट दिशेने मारलं तर गाळ आणखी रुततो आणि जोर लावला तर पातळ पात्या वाकतात. पुढच्या बाजूचे, खालच्या उंचीवरचे कनेक्टर एकेक उघडून बघा. पितळी पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळल्यावर जोडा. अल्टरनेटर खरखरत असेल तर गाळ बेअरिंगमध्ये गेलाय, तो ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच उघडा.

पुन्हा पाणी आलं तर किल्ली फिरवू नका, ‘एकदा बघू सुरू होते का’ हा मोह तर मुळीच नको. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच नसलेल्या साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. बॅटरीची वायर काढा, पाण्याच्या खुणेचे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काहीही धुवू नका.

बॉनेटखाली उंदराने चिंध्यांचं घरटं केलंय. काढताना काय जपावं?
*– रावपुरा*

हातमोजे आणि मास्क घाला. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो, म्हणून झाडू मारून धूळ उडवू नका. फिनाइलच्या पाण्याने भिजवून कागदात उचला. मग आसपासच्या वायरी बोटाने चाचपा. कुरतडलेली वायर वरून साबूत दिसते आणि खालून तांबं उघडं असतं. तशी सापडली तर नुसती टेप न गुंडाळता सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून घ्या. एअर फिल्टरचा डबाही उघडा, शेंगांची टरफलं तिथे हमखास निघतात.