‘चाचणी मी सांगितलीच नव्हती’ एवढ्यावर भागेल का?

प्रश्न : मी फॅमिली डॉक्टर आहे. दोन वर्षांपूर्वी एका ४१ वर्षांच्या रुग्णाने लाळ पाठवून परस्पर करून घेतलेल्या जनुकीय चाचणीचा अहवाल मला मोबाइलवर दाखवला. ‘बीआरसीए : बदल आढळला नाही’. (बीआरसीए म्हणजे ती जनुकं, ज्यांतल्या काही बदलांनी स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.) मी म्हणालो, ‘छान, काळजी नको.’ आता तिला स्तनाचा कर्करोग निघाला आणि मला वकिलाची नोटीस आली. चाचणी मी सांगितली नव्हती. मग जबाबदार मी कसा?

उत्तर : डॉक्टर, चाचणी चुकली असेल तर ते कंपनीने निस्तरावं, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण नोटीस नीट वाचा. तक्रार अहवालाबद्दल नाही, ‘काळजी नको’बद्दल आहे. ती तुमची रुग्ण होती, तुमच्या केबिनमध्ये बसली होती. जाता जाता दिलेला सल्लाही सल्लाच असतो.

आता त्या ‘आढळला नाही’चा अर्थ बघा. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकन कंपनीला २०१८ साली बीआरसीएची चाचणी थेट ग्राहकांना विकायची परवानगी मिळाली, ती फक्त तीन बदलांसाठी. हे तीन प्रामुख्याने अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू वंशाच्या लोकांत सापडतात. बीआरसीएमधले माहीत असलेले बदल हजाराहून जास्त आहेत. अशा चाचणीतलं ‘नाही’ म्हणजे ‘आम्ही डोकावलो त्या तीन ठिकाणी नाही’. तुमच्या रुग्णाच्या चाचणीत किती ठिकाणं तपासली होती, हे अहवालाच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरांत असेल. पूर्ण अहवाल वकिलामार्फत मागवा.

हे सगळं तुम्हाला पाठ असायला हवं होतं, असं कोणतंही न्यायालय म्हणणार नाही. डॉक्टरच्या निष्काळजीपणाबद्दलच्या १९५७च्या बोलम या इंग्लंडमधल्या खटल्यापासूनची कसोटी साधी आहे : त्याच कामातला सर्वसाधारण, जबाबदार डॉक्टर काय करेल? भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात तीच धरली. जनुकतज्ज्ञाची अपेक्षा तुमच्याकडून नाही. ‘यातलं मला कळत नाही, तज्ज्ञांना दाखवा’ एवढं म्हणाला असतात, तरी आज निवांत असतात.

तुमची खरी अडचण पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे, आणि तुम्ही ती कंसात लिहिली आहे! तिच्या जुन्या केसपेपरवर तुमच्याच अक्षरात नोंद आहे : ‘आई – स्तन, वय ४४. मावशी – अंडाशय.’ म्हणजे दोघींनाही कर्करोग, आणि तोही बीआरसीएशी नातं असलेला. समोरचा वकील अहवाल बाजूला ठेवेल आणि हा कागद पुढे करेल. ही ओळ माहीत असताना मोबाइलवरच्या ‘नाही’वर विसंबलात कसे, याचं उत्तर आजपासून शोधा. मला तरी चांगलं उत्तर सुचत नाही.

तरीही चूक झाली म्हणजे भरपाई लागलीच असं नाही. तुमच्या चुकीमुळेच नुकसान झालं, हे तिला सिद्ध करावं लागेल. तेव्हाच पाठवलं असतं तर गाठ आधी सापडली असती का? आज आजार कोणत्या टप्प्यावर आहे? पूर्ण जनुकीय तपासणी आता झाली का, आणि त्यात काय निघालं? यावर कर्करोगतज्ज्ञाचं लेखी मत घ्या. तुमचा बचाव असलाच तर इथे आहे.

केसपेपरवर आता एक अक्षरही वाढवू नका. ‘समजावून सांगितले’ अशी मागाहून घातलेली ओळ शाईवरून पकडली जाते, आणि संगणकात असेल तर वेळेसकट. मग निष्काळजीपणाचा दावा बनावट नोंदीचा होतो. व्यावसायिक विमा असेल तर विमा कंपनीला आजच लेखी कळवा. उशीर हे त्यांचं हात झटकायचं आवडतं कारण. नोटिशीला स्वतः उत्तर देऊ नका.

आणखी एक. तिची धाकटी बहीणही तुमच्याकडेच येते, असं तुम्ही सहज लिहिलंय. तिला या आठवड्यात बोलवा. आई आणि मावशीची नोंद तिच्याही कागदावर असेलच. तेवढ्यावर तिला जनुकीय समुपदेशकाकडे पाठवा आणि पाठवल्याचं लिहून ठेवा. मोठ्या बहिणीच्या आजाराचा विषय मात्र तुमच्या तोंडून निघता कामा नये.