गिटारवर स्वीप पिकिंग (एकाच स्ट्रोकमध्ये पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, एकामागून एक तारांवरून सरकवणं) करताना सगळ्या नोट एकात एक मिसळून कॉर्डसारख्या का वाजतात? प्रॅक्टिस कशी करायची?

बहुतेक वेळा चूक डाव्या हाताची असते, पिकची नाही. नोट वाजली की ते बोट लगेच सैल करायचं, तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब काढायचा, म्हणजे ती तार गप्प होते आणि पुढची नोट सुटी ऐकू येते. हे जमलं की अर्धं काम झालं खरंच.

सुरुवातीला ५-६ तारांच्या मागे लागू नका, तीनच तारा घ्या. ए मायनर कॉर्डच्या नोट (तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजायच्या, फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचे कप्पे): तिसरी तार १४वा फ्रेट, दुसरी १३वा, पहिली १२वा, हे तीन एकाच डाउनस्ट्रोकमध्ये, मग पहिल्याच तारेवर करंगळीने १७व्यावर हॅमर-ऑन (पिक न मारता बोट आपटून नोट वाजवणं), पुल-ऑफ (तेच बोट तार ओढत काढणं) करून परत १२वर, आणि मग अपस्ट्रोकने १३, १४. पिकने प्रत्येक तारेला वेगळा फटका मारायचा नाही, एक तार वाजवून पिक पुढच्या तारेवर टेकला पाहिजे, मनगट न झटकता हात सरळ खाली सरकवायचा.

मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० बीटवर ठेवा, एका बीटला ३ नोट, आणि सगळ्या नोट सारख्या अंतराने पडतायत का ते ऐका, कारण इथे घाई आपोआप होते, स्ट्रोक एकच असल्यामुळे पिक पुढे पळतो आणि बोटं मागे राहतात. स्वच्छ वाजलं तरच ४-५ ने वाढवा.

आणि प्रॅक्टिस क्लीन टोनवर (साध्या, न फाटलेल्या आवाजावर) करा प्लीज, डिस्टॉर्शनमध्ये (फाटलेल्या, खरखरीत आवाजात) कच्च्या नोट झाकल्या जातात. नंतर गेन (म्हणजे डिस्टॉर्शन) लावून पण तपासा, तेव्हा जाड तारांचा आवाज येत असेल तर उजव्या तळहाताची कड त्यांच्यावर ठेवा.