‘हॅव’ कधी वापरावे आणि ‘कुड’ कधी?

प्रश्न : बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी सध्या नोकरीच्या मुलाखतींची तयारी करते आहे. सरावात ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे’ आणि ‘द बस वॉज लेट, बट आय कुड रीच ऑन टाइम’ ही माझी दोन्ही वाक्ये खोडली गेली. मराठीत ‘मी काल अर्ज भरला आहे’ असे आपण म्हणतोच. मग इंग्रजीत ते का चालत नाही? घरच्या घरी सराव कसा करावा?

उत्तर : तुमची चूक निष्काळजीपणाची नाही, ती थेट मराठीतून आलेली आहे. आपल्या पूर्ण वर्तमानकाळाला ‘काल’, ‘परवा’, ‘सोमवारी’ हे शब्द सहज चालतात. इंग्रजीत मात्र ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आले की क्रिया नेमकी केव्हा झाली हे त्याच वाक्यात सांगता येत नाही, कारण त्या रूपाचा सगळा रोख क्रियेच्या आजच्या परिणामावर असतो. म्हणून एकतर ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म’ म्हणावे, नाहीतर ‘आय सबमिटेड द फॉर्म यस्टरडे’.

याचा सराव स्वयंपाकघरात उत्तम होतो. दूध नुकतेच उतरवले आहे, पातेले अजून गरम आहे, अशा वेळी मोठ्याने म्हणावे, ‘आय हॅव बॉइल्ड द मिल्क’. त्याच वाक्यात ‘ॲट सेव्हन’ घालायचे झाले, तर ‘हॅव’ काढून टाकावे. अशी रोज पाच वाक्ये दोन्ही प्रकारे म्हटली, की महिनाभरात कानच चूक पकडू लागतो. नियमांची पाने पाठ करण्यापेक्षा मला ही रीत अधिक भरवशाची वाटते. ‘पासून’कडेही लक्ष असू द्यावे. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ यांना मराठीत एकच शब्द पुरतो, पण इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स मंडे’ आणि दुसऱ्याला ‘फॉर थ्री इयर्स’ लागते. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ असे हवे.

आता ‘कुड’. ‘लहानपणी मला पोहता यायचे’ आणि ‘त्या दिवशी मला वेळेवर पोहोचता आले’ या वाक्यांतला फरक तुम्हाला मराठीत आपसूक कळतो, आणि तोच इथे कामी येतो. ‘यायचे’ म्हणजे अंगी असलेली क्षमता, तिथे ‘कुड’. ‘आले’ म्हणजे एका प्रसंगी प्रत्यक्ष साधलेली गोष्ट, तिथे ‘वॉज एबल टु’. तेव्हा तुमचे वाक्य ‘आय वॉज एबल टु रीच ऑन टाइम’ असे होईल. नकारात हा भेद उरत नाही. ‘आय कुडन्ट रीच’ दोन्हीकडे चालते.

तुमचे दोन्ही प्रश्न एका ठिकाणी एकत्र येतात, आणि तिथे पुष्कळ जण अडतात. ‘कॅन’ला ‘हॅव’पुढे ठेवता येईल असे रूपच नाही, म्हणून तिथे ‘बीन एबल टु’ येते. ‘गेल्या महिन्यापासून आजीला जिना चढता आलेला नाही’ हे वाक्य घ्या : ‘ग्रँडमदर हॅज नॉट बीन एबल टु क्लाइम्ब द स्टेअर्स सिन्स लास्ट मंथ’. ‘आलेला नाही’, ‘जमलेले नाही’ असे शेवट असलेली घरातली वाक्ये वहीत टिपून ठेवा आणि ती याच साच्यात बसवून पाहा.